डोळ्यांतली बाहुली: उजेडापलीकडचा हिशेब

मधुमेहाच्या रुग्णाने वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा असे डॉक्टर सांगतात, त्यामुळे आईला घेऊन दरवर्षी नेत्रतज्ज्ञाकडे जाणे होते. यंदा माझ्याही डोळ्यांची तपासणी निघाली आणि इतकी वर्षे ज्या बाकावर मी सोबतीला म्हणून बसत होतो, त्याच बाकावर रुग्ण म्हणून बसलो. क्रम ठरलेला असतो. आधी चष्म्याचा नंबर, मग डोळ्याचे प्रेशर, आणि मग सिस्टर विचारतात, "बीपी आहे का? हार्टचा काही त्रास?" नाही म्हटल्यावर त्या मान मागे करायला लावतात, खालची पापणी बोटाने ओढून एकेक थेंब आत सोडतात, हातात कापसाचा बोळा देतात आणि "डोळे मिटून बसा" असे सांगून पुढच्या माणसाकडे वळतात. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा थेंब, त्यानंतर पुन्हा एकदा. अर्ध्यापाऊण तासाने कोणीतरी बॅटरीचा झोत डोळ्यांवर टाकून बघते आणि "झाले डायलेट, आत या" असे सांगते, म्हणजे बाहुल्या पुरेशा मोठ्या झाल्या.

तपासणी पाच मिनिटांत आटोपली, खरी गंमत रस्त्यावर आल्यावर सुरू झाली. ऊन असे अंगावर आले की डोळे उघडवेनात. रिक्षावाल्याला पैसे देण्यासाठी मोबाइल जवळ धरला तर त्यावरची अक्षरे वाचता येईनात. आणि लांबचे नीट दिसायला हरकत नव्हती, तरीही समोरच्या दुकानाच्या पाटीच्या कडा पाणी सांडल्यासारख्या विरघळलेल्या दिसत होत्या. आईने रिक्षात विचारले, "एवढेसे भोक जरा मोठे केले, तर डोळ्याचे इतके कसे बिघडते रे?" तिच्या या प्रश्नाचे उत्तर रिक्षात देण्याइतके सोपे नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे.

आईने भोक म्हटले ते अगदी बरोबर आहे. डोळ्याच्या पुढच्या बाजूला काचेसारखे पारदर्शक पारपटल असते, त्याच्या मागे बुबुळ नावाचा रंगीत, स्नायूंनी विणलेला पडदा असतो, आणि त्या पडद्याच्या मधोमध असलेल्या गोल छिद्राला आपण बाहुली म्हणतो. ते छिद्र काळे दिसते, कारण आत गेलेल्या प्रकाशापैकी जो थोडा परत फिरतो, तो ज्या दिशेने आला त्याच दिशेने बाहेर पडतो; आपण दुसऱ्याच्या बाहुलीत डोकावायला गेलो की आपलेच डोके त्या वाटेत आडवे येते. १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बघणाऱ्याची नजर आणि आत सोडलेला प्रकाश एकाच रेषेत आणणारे साधे उपकरण केले आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा मागचा पडदा प्रथमच नीट दिसू लागला. 'बाहुली' हे नाव मात्र त्याहून कितीतरी जुन्या निरीक्षणातून आले असावे. समोरच्याच्या डोळ्यात अगदी जवळून पाहिले की त्या काळ्या वर्तुळात आपलीच इवलीशी आकृती उमटलेली दिसते. संस्कृतातील 'कनीनिका' या शब्दाचे नाते लहान मुलीशी आहे आणि लॅटिनमधील 'पुपिल्ला' या शब्दाचा अर्थही लहान मुलगी किंवा बाहुली असाच होतो.

बाहुली उजेडात लहान होते आणि अंधारात मोठी होते, कारण डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशावर तिचे नियंत्रण असते, असे आपण शाळेत शिकलो. हे वाक्य खरे आहे, पण त्यावरून बाहुलीचे मुख्य काम तेवढेच असावे असा जो समज होतो, तो आकडेमोड केली की डळमळतो. तरुण माणसाच्या बाहुलीचा व्यास प्रखर उजेडात सुमारे २ मिलीमीटर आणि गडद अंधारात सुमारे ८ मिलीमीटर असतो. व्यास चौपट झाला म्हणजे क्षेत्रफळ सोळा पट झाले, म्हणजेच बाहुली पूर्ण उघडली तरी प्रकाश फार तर सोळा पट अधिक आत येणार. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवू. भर दुपारचे ऊन पौर्णिमेच्या चांदण्यापेक्षा सुमारे ४ लाख पट तेजस्वी असते, आणि तरीही आपण दोन्हींत वावरू शकतो. चार लाखांची तफावत सोळाच्या हिशेबाने भरून निघणे शक्य नाही. उरलेले सगळे काम डोळ्याच्या मागचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल करते. तिथल्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी आपली संवेदनशीलता स्वतःच कमी-जास्त करतात आणि अंधार असेल तर उजेडातल्या शंकूपेशींकडून अंधारातल्या दंडपेशींकडे कारभार सोपवतात.

अजिंठ्याला गेलेल्या कोणालाही याचा अनुभव आलेला असतो. उन्हाने तापलेल्या वाटेवरून पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पाऊल टाकले की आधी नुसता काळोख दिसतो. चित्रे जपायची म्हणून आत प्रकाशही मंदच ठेवलेला असतो. बाहुली आपले काम काही सेकंदांत बऱ्यापैकी उरकते, पण तेवढ्याने भिंतीवरचे पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चित्र दिसत नाही. काही मिनिटे गेली की आधी मुकुट, मग चेहऱ्याची कड, मग हातातले कमळ असे एकेक उलगडू लागते, आणि ही नंतरची मिनिटे दृष्टिपटलाची असतात. दंडपेशींना पूर्ण तयार व्हायला तर वीस ते तीस मिनिटे लागतात. ज्यांना गाइड घाईघाईने पुढच्या लेण्यात नेतात, त्यांनी पहिल्या लेण्यातले अर्धेच पाहिलेले असते असे माझे मत आहे.

मग हे सोळा पटीचे किरकोळ काम करण्यासाठी बुबुळात इतकी यंत्रणा कशाला? दृष्टिपटलाला सावरायला वेळ लागतो, तोवर पहिला धक्का बाहुली झेलते, हे एक कारण झाले. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते आणि त्याविषयी फार कमी बोलले जाते: चित्राचा रेखीवपणा. डोळ्याचे पारपटल आणि भिंग मध्यभागी जितके निर्दोष असते, तितके कडेला नसते. कडेच्या भागातून जाणारे किरण मधल्या किरणांच्या बिंदूवर नेमके येऊन मिळत नाहीत. बाहुली लहान असली की हे कडेचे किरण बाहेरच अडवले जातात आणि चित्र रेखीव उमटते. शिवाय जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकाच वेळी बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. छायाचित्रकार कॅमेऱ्याचे छिद्र लहान करतात तेव्हा हेच साधत असतात. मात्र बाहुली २ मिलीमीटरपेक्षाही लहान झाली, तर छिद्राच्या काठावरून प्रकाश पसरू लागतो आणि चित्र पुन्हा धूसर होते. म्हणजे लहान बाहुली चांगली, पण फार लहान नको, आणि उजेड कमी असेल तर रेखीवपणाचा मोह सोडून आधी प्रकाश गोळा करायला हवा, असा हा व्यवहार आहे. कॅम्पबेल आणि ग्रेगरी या ब्रिटिश संशोधकांनी १९६० साली दाखवून दिले की ज्या उजेडात बाहुलीच्या ज्या आकाराने सर्वांत स्पष्ट दिसावे, जवळपास तोच आकार ती आपणहून धरते. पाटीच्या कडा मला विरघळलेल्या दिसल्या त्या यामुळे: थेंबांनी बाहुली सताड उघडी ठेवली होती आणि भिंगाच्या कडेचे सगळे बेशिस्त किरण आत शिरत होते. रात्री गाडी चालवताना समोरचे दिवे पसरट दिसतात, त्यामागेही काही अंशी हेच असते.

प्राण्यांनी हा व्यवहार आपापल्या पोटापाण्याप्रमाणे वेगवेगळा केलेला दिसतो. मांजराची बाहुली उन्हात उभ्या फटीसारखी होते आणि अंधारात जवळजवळ सगळा डोळा व्यापते. गोल छिद्राला इतके मिटता येत नाही. दबा धरून झडप घालणाऱ्या लहान शिकाऱ्यांत अशी उभी फट बरीच आढळते. घोणस हा साप त्यातलाच, तर धामणीची बाहुली गोल असते. शेळीची बाहुली आडवी असते, त्यामुळे तिला जमिनीलगतचा मोठा पट्टा दिसतो, आणि चरण्यासाठी मान खाली घातली तरी तिचे डोळे खोबणीत फिरून ती फट जमिनीला समांतर ठेवतात. दावणीच्या शेळीजवळ बसून हे कोणालाही पाहता येईल.

आता बुबुळाच्या आतली रचना पाहू, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. बुबुळात दोन स्नायू असतात. एक बाहुलीच्या काठाभोवती गोल बसवलेला असतो. बटव्याची नाडी ओढल्यावर तोंड आवळावे, तशी तो बाहुली आवळतो. दुसरा स्नायू चाकाच्या आऱ्यांप्रमाणे बाहुलीपासून बाहेरच्या कडेकडे पसरलेला असतो आणि तो आकुंचन पावला की बाहुली उघडते. या दोघांचे मालकही वेगळे आहेत. आवळणारा स्नायू परानुकंपी चेतासंस्थेच्या हुकमतीखाली असतो, म्हणजे जी संस्था विश्रांती, पचन, लाळ अशी संथ कामे पाहते. उघडणारा स्नायू अनुकंपी चेतासंस्थेचा आहे, म्हणजे भीती, राग, धावपळ यांच्या वेळी हृदयाची गती आणि रक्तदाब वाढवणारी जी संस्था आहे, तिचा. आपली इच्छा या दोन्हींवर चालत नाही. बाहुलीचा कोणत्याही क्षणीचा आकार हा या दोघांच्या रस्सीखेचीत दोर कुठे स्थिरावला आहे, एवढेच सांगतो. आणि तोही पूर्ण स्थिर कधीच नसतो, एकसारख्या उजेडातही बाहुली अगदी थोडी हलत राहते.

दवाखान्यातल्या थेंबांत बहुधा याच जोडीला लक्ष्य करणारी दोन औषधे एकत्र असतात. ट्रॉपिकॅमाइड आवळणाऱ्या स्नायूला मिळणारा निरोप अडवते आणि फेनिलेफ्रिन उघडणाऱ्या स्नायूला चेतवते, म्हणजे रस्सीखेचीत एका बाजूचे हात सोडवायचे आणि दुसऱ्या बाजूला जोर द्यायचा. फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्याही आवळते, म्हणून सिस्टर बीपी आणि हृदयाची चौकशी आधी करतात. थेंब पुन्हा पुन्हा का घालावे लागतात, याचे उत्तर आपल्या डोळ्यांच्या रंगात आहे. गडद तपकिरी बुबुळातले रंगद्रव्य औषधाचा काही भाग धरून ठेवते, त्यामुळे निळ्या-घाऱ्या डोळ्यांपेक्षा आपल्या बाहुल्या उशिरा उघडतात आणि धरून ठेवलेले औषध हळूहळू सुटत राहिल्याने पूर्ववत व्हायलाही जास्त वेळ घेतात.

मोबाइलची अक्षरे का दिसली नाहीत, तेही याच ओघात सांगून टाकतो. जवळचे पाहताना डोळा तीन गोष्टी एकदम करतो: दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, भिंग फुगीर होते आणि बाहुली लहान होते. भिंग फुगवणारा स्नायू आणि बाहुली आवळणारा स्नायू यांना एकाच चेतातंतूकडून हुकूम मिळतो, आणि ट्रॉपिकॅमाइड दोघांनाही तात्पुरते बधिर करते. सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांकडे पाहिले, तर उजेड जराही न वाढता बाहुल्या बारीक झालेल्या दिसतात. जवळच्या कामाला रेखीवपणा लागतो आणि तो लहान छिद्रातून मिळतो.

उजेड पडल्यावर बाहुली लहान होण्याचा मार्ग मात्र वेगळा आहे आणि त्यात बुबुळाचे स्वतःचे डोके चालत नाही. दृष्टिपटलावरून निघालेला संदेश दृष्टीच्या चेतातंतूने मेंदूच्या बुंध्याच्या वरच्या भागात पोहोचतो, तिथून तो डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंच्या केंद्रांना दिला जातो, आणि ती केंद्रे तिसऱ्या क्रमांकाच्या मस्तिष्क-चेतातंतूमार्फत आपापल्या बाजूची बाहुली आवळतात. हा सगळा प्रवास होऊन सेकंदाच्या साधारण पाचव्या भागात बाहुली आकसू लागते. मोबाइलच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत डोळे लाल येतात ते यामुळेच, कारण फ्लॅश बाहुलीपेक्षा चपळ असतो आणि उघड्या बाहुलीतून आतला लाल पडदा उजळून निघतो. एडिनबरा येथील रॉबर्ट व्हिट या वैद्याने १७५१ साली या प्रतिक्रियेचे वर्णन केले आणि तिचा संबंध मेंदूशी जोडला.

संदेश दोन्ही बाजूंना वाटला जातो, याचा परिणाम घरीच पाहता येतो. मंद उजेडाच्या खोलीत एखाद्याला लांब भिंतीकडे पाहायला सांगा, नाकावर उभा हात धरून मधे भिंत करा आणि बाजूने एका डोळ्यावर साध्या, सौम्य बॅटरीचा उजेड क्षणभर टाका. सावलीतल्या दुसऱ्या डोळ्याची बाहुलीही त्याच वेळी लहान होते. डॉक्टर याच गोष्टीचा फार सुरेख उपयोग करतात. ते बॅटरी एका डोळ्यावरून दुसऱ्यावर आणि पुन्हा पहिल्यावर अशी झुलवतात. दोन्ही दृष्टिचेता निरोगी असतील, तर बाहुल्या लहानच राहतात. एका बाजूची चेता आजारी असेल, तर झोत त्या डोळ्यावर येताच दोन्ही बाहुल्या, उजेड असूनही, थोड्या मोठ्या होतात, कारण त्या वाटेने मेंदूला उजेडाची बातमीच अर्धवट पोहोचते. रुग्ण लहान मूल असो, बेशुद्ध असो की खोटे सांगणारा असो, या तपासणीला त्याच्या तोंडून काही ऐकण्याची गरज लागत नाही.

उजेडाची ही बातमी नेमक्या कोणत्या पेशी देतात, हा प्रश्न सुटायला बराच काळ गेला. १९२०च्या दशकात हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या क्लाइड कीलर यांना आंधळ्या उंदरांच्या बाहुल्याही उजेडात लहान होतात असे आढळले होते, पण शंकूपेशी आणि दंडपेशी यांच्यापलीकडे प्रकाश ओळखणारे डोळ्यात काही असेल, ही कल्पना पुढे अनेक दशके कोणी मनावर घेतली नाही. २००२ साली डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दृष्टिपटलात तिसऱ्या प्रकारच्या पेशी प्रकाशाला स्वतःहून प्रतिसाद देतात हे दाखवले. त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचे द्रव्य असते आणि त्यांना निळसर उजेड सर्वांत जास्त जाणवतो. चित्र काढणे हे त्यांचे काम नाही. बाहेर किती उजेड आहे, एवढेच त्या मेंदूला कळवत राहतात. उन्हात तासभर उभे राहिलो तरी बाहुली लहानच राहते, ती मुख्यतः यांच्यामुळे. झोपेचे घड्याळ लावण्याचे कामही याच पेशींचे आहे, म्हणून काही अंध व्यक्तींना काहीच दिसत नसले तरी त्यांच्या बाहुल्या उजेडाला प्रतिसाद देतात आणि शरीराला दिवस-रात्र कळते.

इथवर सगळे उजेडाचे झाले. पण अनुकंपी संस्था या खेळात आहे म्हटल्यावर मनाचाही शिरकाव होणारच. शिकागो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ एकहार्ड हेस एका रात्री अंथरुणात प्राण्यांच्या सुंदर छायाचित्रांचे पुस्तक चाळत होते, तेव्हा त्यांच्या पत्नीने त्यांच्या बाहुल्या खूप मोठ्या दिसत असल्याचे लक्षात आणून दिले, आणि खोलीत उजेड भरपूर असताना असे का व्हावे, या कुतूहलातून त्यांचे प्रयोग सुरू झाले. आवडीची चित्रे पाहताना बाहुली मोठी होते, असे त्यांनी १९६०मध्ये मांडले. १९६४मध्ये त्यांनी लोकांना तोंडी गुणाकार घातले आणि ७ गुणिले ८ पेक्षा १६ गुणिले २३ करताना बाहुली अधिक मोठी होते आणि उत्तर सापडताच ती पुन्हा आकसते, हे दाखवले. दोन वर्षांनी डॅनिएल कानेमन आणि जॅक्सन बीटी यांनी आकड्यांची माळ लक्षात ठेवायला सांगितली, तेव्हा ऐकलेल्या प्रत्येक आकड्यागणिक बाहुली थोडी वाढत गेली आणि आकडे परत म्हणताना पायरीपायरीने उतरली. यातले कानेमन म्हणजे ज्यांना पुढे २००२मध्ये अर्थशास्त्राचा नोबेल मिळाला, तेच.

मेंदूच्या बुंध्यात निळसर दिसणाऱ्या पेशींचा एक छोटा पुंजका असतो, तो सावधपणाच्या वेळी नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रसायन मेंदूभर पाठवतो, आणि मेंदूवर ताण आला की बाहुली आवळणाऱ्या केंद्राचा जोर कमी होतो. हा बदल मोठा नसतो, साधारण अर्धा मिलीमीटर किंवा त्याहूनही कमी. त्यामुळे 'प्रेमात पडलेल्याच्या बाहुल्या मोठ्या होतात' यासारखी वाक्ये जपून घ्यावीत. नावडती दृश्ये पाहताना बाहुली आकसते असे हेस म्हणत, पण पुढच्या प्रयोगांत भीतीदायक दृश्यांनीही ती मोठीच होते असे दिसले. बाहुली उत्कटता सांगते, ती गोड की कडू हे सांगत नाही. आणि खिडकीचा पडदा कोणी सरकवला तर तेवढ्याने सगळे मोजमाप बिघडते. याची उलट बाजू झोपेत दिसते. अंधार असतो, पापण्या मिटलेल्या असतात, म्हणजे बाहुली मोठी असायला हवी. प्रत्यक्षात गाढ झोपेत ती बारीक असते, कारण आवळणाऱ्या केंद्राला दाबून ठेवणारा सावधपणा तेव्हा सुटलेला असतो.

डॉक्टरांच्या दृष्टीने बाहुलीचे खरे मोल आहे ते तिच्या चेतातंतूंच्या लांबलचक वाटांमुळे. उघडणाऱ्या स्नायूचा निरोप मेंदूतून निघतो, मज्जारज्जूतून छातीच्या वरच्या भागापर्यंत खाली उतरतो, फुप्फुसाच्या टोकावरून वळसा घेतो आणि मानेतल्या मोठ्या धमनीच्या सोबतीने पुन्हा वर चढून डोळ्यापर्यंत येतो. या वाटेत कुठेही अडथळा आला, तर त्या बाजूची बाहुली लहान राहते, पापणी किंचित खाली येते आणि कधी अर्ध्या चेहऱ्याला घाम येत नाही. योहान हॉर्नर या स्विस नेत्रतज्ज्ञाने १८६९मध्ये याचे वर्णन केले. त्यामुळे डोळ्यात दिसणाऱ्या या छोट्या फरकाचे मूळ कधी फुप्फुसाच्या टोकावरच्या गाठीत सापडते. आवळणाऱ्या स्नायूची वाट तुलनेने आखूड, पण तिचीही एक खुबी आहे: तिसऱ्या मस्तिष्क-चेतातंतूत बाहुलीचे धागे वरवर, पृष्ठभागाशी असतात. बाहेरून दाब आला, जसे फुगलेल्या धमनीचा किंवा डोक्याला मार लागून सुजलेल्या मेंदूचा, तर आधी तेच चिरडतात आणि बाहुली मोठी होऊन उजेडाला दाद देईनाशी होते. मधुमेहात मात्र इजा बहुधा चेतातंतूच्या गाभ्याला होते, म्हणून डोळा फिरेनासा झाला तरी बाहुली अनेकदा शाबूत राहते. अपघातानंतर बेशुद्ध माणसाच्या डोळ्यांवर पुन्हा पुन्हा बॅटरी मारली जाते, ती या फरकाच्या शोधात. एक खुलासा करायला हवा: साधारण पाचातल्या एका निरोगी माणसाच्या बाहुल्यांत जन्मजात थोडा फरक असतो आणि तो काळजीचा नसतो. फरक नव्याने झाला असेल आणि सोबत डोकेदुखी, दुहेरी दिसणे किंवा पापणी पडणे असेल, तर मात्र उशीर करू नये.

विषेही याच दोन स्नायूंच्या आधाराने ओळखू येतात. धोतऱ्याच्या पानाफुलांत अ‍ॅट्रोपिन आणि त्याची भावंडे असतात. महादेवाला वाहण्यासाठी धोतरा खुडून त्याच हाताने डोळा चोळला, तर त्या एका डोळ्याची बाहुली सताड उघडते आणि दिवस-दोन दिवस तशीच राहू शकते. घरच्यांना वाटते मेंदूत काही झाले. याच्या नेमके उलटे सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांनी होते. चेतातंतूचा निरोप पोहोचवणारे रसायन काम झाल्यावर पुसून टाकणारे जे द्रव्य शरीरात असते, ते ही औषधे निकामी करतात, मग निरोप संपतच नाही. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, तोंडाला लाळ सुटते, छाती भरून येते. २०१७च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली आणि त्यांतले काही दगावले. फॉस्फरसयुक्त औषधाच्या विषबाधेवर डॉक्टर देतात ते अ‍ॅट्रोपिनच, म्हणजे धोतऱ्यात असलेलेच द्रव्य, मोजून आणि छाती मोकळी होईपर्यंत. या परिणामाचा उपयोग डोळ्याच्या वैद्यांनी फार पूर्वीपासून केला आहे: १८६३ साली एडिनबराच्या आर्गाइल रॉबर्टसन यांनी पश्चिम आफ्रिकेतील कॅलबार बीन या विषारी बीचा अर्क बाहुली आवळण्यासाठी वापरला, तोही याच मार्गाने काम करतो. अफूजन्य औषधांचा अतिरेक झाला तरीही बाहुल्या टाचणीएवढ्या होतात.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावली, तर तिच्या विषाने श्वासाचे स्नायू बंद पडतात आणि बाहुल्याही मोठ्या होऊन स्थिर होऊ शकतात. असा माणूस मेलेला भासतो, पण प्रतिविष आणि कृत्रिम श्वास वेळेत मिळाला तर तो उठून घरी जाऊ शकतो. मेंदूमृत्यू जाहीर करताना बाहुल्यांची प्रतिक्रिया पाहणे आवश्यक असते, तरी विष आणि औषधांचा परिणाम आधी वगळावा लागतो, तो अशा प्रसंगांमुळेच. १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या चौकटीत या तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात.

वयाचाही एक हिशेब असतो. पौगंडावस्थेत बाहुल्या सर्वांत मोठ्या असतात आणि त्यानंतर दर दशकाला थोड्या थोड्या लहान होत जातात, इतक्या की सत्तरी ओलांडलेल्या माणसाची बाहुली अंधारातही तरुणाइतकी उघडत नाही. आईला तांदूळ निवडायला खिडकीशीच बसावे लागते, ते फक्त चष्म्याच्या नंबरामुळे नव्हे.

थेंबांचा अंमल माझ्यावर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत राहिला. सहाच्या सुमारास मोबाइलची अक्षरे जुळू लागली, पण आरशात बाहुल्या अजून मोठ्याच होत्या, कारण भिंगाचा स्नायू आधी शुद्धीवर येतो आणि बुबुळाचा मागाहून. आईच्या डोळ्यांवर तेव्हाही उन्हाचा चष्मा होता. साडेआठच्या सुमारास तिने तो काढून टीव्हीवर ठेवला आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून विचारले, "बघ रे, झाल्या का सारख्या?" डावी अजून जरा मोठी होती.